शोधणाऱ्याला सापडेल असे मुखपृष्ठ

(सीमाभागातील मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली, तेव्हापासून आपले म्हणणे लोकांपर्यंत नेण्याचे काम चालू आहे. मोर्चे काढले, निवेदने दिली, घरोघरी पत्रके वाटली. पण आज कोणाच्या मनात प्रश्न आला की तो पत्रक शोधत नाही, खिशातला मोबाईल काढतो. ‘बेळगाव मराठी शाळा’, ‘महाजन आयोग’, ‘सीमाप्रश्न म्हणजे काय’ असे दोन-तीन शब्द गूगलवर टाकतो आणि वरची चार-पाच उत्तरे वाचून आपले मत बनवतो. त्या उत्तरांत आपण नसलो, तर आपली बाजू दुसरा कोणीतरी सांगतो, आणि ती स्वतःच्या सोयीने सांगतो. म्हणून संकेतस्थळाचे मुखपृष्ठ हा विषय केवळ संगणकवाल्यांवर सोडण्यासारखा नाही. तो कार्यकर्त्यांचा विषय आहे.

आधी हे यंत्र कसे चालते ते थोडक्यात पाहू. शोधयंत्राचा एक प्रोग्राम एका पानावरून दुव्याच्या वाटेने दुसऱ्या पानावर जातो, तिथला मजकूर वाचतो आणि भल्यामोठ्या सूचीत नोंदवून ठेवतो. आपण शब्द टाकले की त्या सूचीतून जुळणारी पाने काढून क्रमाने दाखवली जातात. याचा अर्थ सरळ आहे. जो मजकूर यंत्राला वाचताच येत नाही, त्याला क्रम मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि आपली बरीच मंडळे इथेच अडली आहेत. पूर्वी डीटीपीसाठी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरले जात. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. असा मजकूर संकेतस्थळावर चढवला की यंत्राच्या दृष्टीने ती निव्वळ गिचमीड ठरते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही आहेत. मात्र बदललेला मजकूर एकदा माणसाने वाचलाच पाहिजे, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा चुकतात.

दुसरी अडचण चित्रांची. वर भगवी पट्टी, तिच्यात सुंदर सुलेखनात मंडळाचे नाव, खाली निवेदनाचा स्कॅन केलेला कागद. माणसाला हे छान दिसते, पण चित्रातली अक्षरे यंत्र नीट वाचेलच असा भरवसा नसतो. सुलेखन जरूर ठेवा, पण मंडळाचे नाव, गाव आणि काम टंकलेल्या अक्षरांतही द्या. प्रत्येक चित्रामागे त्याचे वर्णन लिहायची सोय असते, तीही वापरा. ‘फोटो १’ असे न लिहिता चित्रात काय आहे ते लिहा. दृष्टिहीन वाचकांनाही त्याचा उपयोग होतो.

आता पानाच्या शीर्षकाकडे वळू. शोधाच्या उत्तरात जी ठळक ओळ दिसते, ती बहुधा याच शीर्षकावरून घेतलेली असते. आपल्याकडे तिथे ‘होम’ किंवा ‘सुस्वागतम्’ लिहिलेले असते. सुस्वागतम् हा शब्द टाकून आपल्याला कोण शोधणार? तिथे नाव, गाव आणि काम हवे. उदाहरणार्थ, ‘अमुक मंडळ, बेळगाव : मराठी शाळा, भाषिक हक्क, सीमाप्रश्न’. ओळ फार लांब झाली तर उत्तरात ती कापली जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी. त्याखालचे दोन वाक्यांचे वर्णनही असेच नेमके असावे.

आता एक नाजूक मुद्दा मांडतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. ते आपल्याला मान्य नाही, म्हणून तो शब्द संकेतस्थळावर उमटूच द्यायचा नाही, असे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण शोधणाऱ्याचा विचार करा. पुण्यातला विद्यार्थी ‘बेळगाव’ टाकतो, आपली जुनी पिढी अनुस्वार देऊन ‘बेळगांव’ लिहिते, दिल्लीतला पत्रकार इंग्रजीत नवे नाव टाकतो आणि परदेशातला संशोधक जुन्या कागदपत्रांतले इंग्रजी नाव टाकतो. आपल्या पानावर एकच रूप असेल, तर बाकीच्यांना आपण न सापडण्याची शक्यता वाढते. आणि विशेष म्हणजे, ज्याला आपली बाजू ठाऊकच नाही, तो नेमका नवेच नाव टाकणार!

म्हणून मुखपृष्ठावर आपले नाव बेळगावच ठेवा. त्याच्या खाली एक सरळ वाक्य द्या : ‘बेळगाव शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी असे करण्यात आले.’ इंग्रजी पानावर दोन्ही रूपे येऊ द्या. यात माघार नाही. ज्याला समजवायचे आहे, त्याच्या तोंडच्या शब्दाने त्याला दार उघडायचे आणि आत आपली भूमिका पुराव्यानिशी मांडायची, एवढेच.

आता आत काय असावे? एकटे मुखपृष्ठ सगळ्या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही. आपण कोण, कुठले आणि कशासाठी, हे त्याने पहिल्या परिच्छेदात सांगावे आणि पुढे वाट दाखवावी. प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र पान करा. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला, त्यात काय होते याचे एक पान. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचे दुसरे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाविषयी घटनेचे कलम ३५० अ आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याविषयी कलम ३५० ब काय सांगते, याचे तिसरे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन झाले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याचे चौथे. मराठी शाळेत नाव घालायला कोणते कागद लागतात, याचे पाचवे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वाचले जाईल असे पान तेच. मुखपृष्ठावरून या पानांना दुवे देताना ‘येथे क्लिक करा’ असे लिहू नका. ‘महाजन आयोगाचा अहवाल : आपले आक्षेप’ असे लिहा. दुव्याच्या शब्दांवरूनही पुढच्या पानाचा विषय यंत्राला कळतो.

दुव्यांची आणखी एक बाजू आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली, तिच्या मुळाशी एक साधी कल्पना होती : ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात, ते पान वजनदार. आज क्रम ठरवताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात, पण ही कल्पना टिकून आहे. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, गोवा, सगळीकडे मराठी मंडळे आहेत. त्यांनी एकमेकांच्या कामाची माहिती देऊन, कारण असेल तिथे, एकमेकांना दुवे द्यावेत. वृत्तपत्रांकडे बातमी पाठवताना सोबत संबंधित पानाचा पत्ता द्यावा. दुवे विकत मात्र घेऊ नयेत. गूगलच्या नियमांत ती फसवणूक धरली जाते.

मोबाईलचेही तसेच. गूगल आता पानाची मोबाईलवरची आवृत्तीच मुख्यतः वाचते. २०१६ साली जाहीर झालेला हा बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात रेंज कशी असते, ते तुम्हाला माहीत आहे. मुखपृष्ठाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असे गूगलचे माप आहे. मग सत्कार समारंभाची वीस जडजड छायाचित्रे पहिल्याच पानावर कशाला? सरकती अक्षरे आणि आपोआप वाजणारे गीतही काढा.

कोणी येऊन म्हणेल, ‘एवढे पैसे द्या, तुम्हाला पहिल्या क्रमांकावर आणतो.’ त्याला नमस्कार करून परत पाठवा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलनेच लिहून ठेवले आहे. पानामागे शोधशब्दांची यादी लपवण्याची युक्ती तर केव्हाच निकामी झाली. ती यादी क्रमासाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले. पांढऱ्यावर पांढरी अक्षरे लिहून शब्द दडवले, तर उलट शिक्षा होते. हल्ली शोधयंत्रे वरच्या भागात स्वतः तयार केलेले उत्तरही दाखवतात. तेही कुणाच्या तरी वाचता येण्याजोग्या मजकुरावरच बेतलेले असते. तो मजकूर आपला का नसावा?

शेवटी कामाचे सांगतो. आज घरी गेल्यावर आपल्या मंडळाचे मुखपृष्ठ उघडा. त्यातली एक ओळ निवडून साध्या संदेशात चिकटवा. मराठी उमटले तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. चिन्हे उमटली, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर पहिले काम तेच. मग गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत सोयीत संकेतस्थळ नोंदवा. लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत येतात, हे तिथे दिसते. ती यादी दर महिन्याच्या कार्यकारिणीत वाचा आणि ज्या प्रश्नाला आपल्याकडे पान नाही, ते पान लिहायची जबाबदारी एकेका कार्यकर्त्यावर सोपवा. तारखा आणि कलमे जाणकारांकडून तपासून घ्या, कारण एक चुकीची तारीख आपल्या दहा खऱ्या गोष्टींवर संशय आणते.

पत्रक वाटताना आपण दार ठोठावत होतो. आता लोक स्वतःहून विचारायला येत आहेत. त्यांना दाराशी उत्तर मिळाले पाहिजे, एवढीच विनंती करून मी थांबतो.