पत्रकाखाली नाव हवेच
(कारेलीबाग येथील सभेत केलेले भाषण)



मी बँकेतला कारकून. खाते उघडायला येणाऱ्याकडे आम्ही आधी नाव, पत्ता आणि पुरावा मागतो. मग लोकांचे मत वळवायला पैसे ओतणाऱ्याकडे तो का मागू नये?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार डिसेंबर १९६६ मध्येच पायउतार झाले होते. मत फक्त तिथल्या मतदारांना. प्रचाराला मात्र महाराष्ट्रातले पुढारीही गेले. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही मराठी दैनिके, आणि दोघेही आपल्या नावानिशी बोलत होते. संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. आपल्यापैकी कित्येक घरांना हा निकाल रुचला नसेल. पण कोण काय म्हणतो हे मतदाराला ठाऊक होते.

न्यूझीलंडने २०२० च्या सार्वमतात याहून पुढचे पाऊल टाकले. जाहिरातीवर प्रचारकाचे नाव-पत्ता हवा. १३,६०० डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा तर नोंदणी सक्तीची. आणि तिथला मतदार वा रहिवासी नसलेल्या परदेशस्थाला ती नोंदणी नाही. आपल्याकडेही निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

पण सोसायटीच्या मतदानाचे काय? आमच्याकडे पुनर्बांधणीचा विषय निघाला. गुजरातेत पंचवीस वर्षे जुन्या इमारतीसाठी पंचाहत्तर टक्के सभासदांची संमती पुरते. टपालपेटीत गुळगुळीत रंगीत पत्रके आली, खाली कोणाचेच नाव नाही. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजींनी विचारले, "अरे, हे म्हणतंय तरी कोण?" मला उत्तर देता आले नाही. आणि मी सही आधीच करून बसलो होतो!

म्हणून माझी सूचना एवढीच. कोणत्याही कौलाच्या पत्रकाखाली छापणाऱ्याचे नाव आणि खर्च कोणाचा, हे लिहिलेले असावे. बाहेरच्याने बोलावे, पण बाहेरचा म्हणून बोलावे. आणि हा नियम पहिल्यांदा आपल्या बाजूच्या पत्रकांना लावावा.

निनावी चेक आम्ही वटवत नाही. निनावी पत्रक तुम्हीही वटवू नका.