सभा भरविणाऱ्याची कसोटी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



समवसरण हा शब्द आपल्या कानांवर बालपणापासून पडत आला आहे. देव, मनुष्य आणि तिर्यंच अशा सर्वांना जेथे स्थान, ती ही धर्मसभा. मात्र गावच्या सभेत कोणास कोठे बसवावयाचे, हा प्रश्न आला की भलेभले अडखळतात.

कागल जहागिरीतील माणगाव येथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्य बांधवांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अवघ्या २८ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ‘मूकनायक’ सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांच्यासारखे कार्यकर्ते झटत होते. आणि ज्या गावात ही परिषद भरली, तेथील पाटील आप्पासाहेब पाटील हे जैन होते. परिषदेसाठी ते पुढे झाले, ही गोष्ट आपल्या समाजात फारशी सांगितली जात नाही. पाहुणे दोन दिवसांनी आपापल्या वाटेने जातात. पाटलास मात्र त्याच गावात, त्याच भाऊबंदांत राहावयाचे असते. सभेचे खरे ओझे त्याच्या खांद्यावर असते.

राजर्षी शाहू महाराज परिषदेस आले. तुम्ही आपला पुढारी स्वतः शोधून काढलात, याबद्दल त्यांनी लोकांचे अभिनंदन केले आणि बाबासाहेबांना रजपूतवाडीच्या मुक्कामी आपल्यासोबत भोजनाचे निमंत्रण दिले. भर सभेत दिलेले हे निमंत्रण कोणत्याही ठरावाहून कमी मोलाचे नव्हते.

माणगावच्या पाठीशी राजा होता. आपल्या परभणी भागात राजसत्ताच सभेच्या आड उभी होती. निजामी राजवटीत गश्ती निशाण ५३ अन्वये परवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नसे. अशा काळात, १९३७ साली, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे झाले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते जालना जिल्ह्यात आहे.

आता परवानगीची तेवढी अडचण नाही, मंडप भाड्याने मिळतो, ध्वनिक्षेपक मिळतो. तरीही सामाजिक न्यायाची सभा मंगल कार्यालयातच भरते आणि ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते निमंत्रणपत्रिकेत नसतात!

सुवर्णमहोत्सवी वर्षात एक तरी सभा वस्तीत घ्यावी. तारीख ठरविण्यापूर्वी तेथील वडीलधाऱ्यांना भेटावे, अध्यक्षपद त्यांच्याकडे द्यावे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर भगिनी दिवेलागणीशिवाय घरी परतत नाहीत. म्हणून आठवडी बाजाराचा दिवस धरावा, त्या दिवशी बहुधा कामास सुट्टी असते. पाहुण्यांची भाषणे आवरती घ्यावीत, वस्तीची गाऱ्हाणी आधी ऐकावीत, ती लिहून घेण्यास एक जाणता तरुण बसवावा. आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांची पंगत एकच असावी. वाढपी मात्र आपल्या घरचे.