ठिपका कशाचा?

श्रोतेहो, जे डोळ्यांनी पाहायचे ते तुमच्या कानांवर घालण्याची ही उफराटी कामगिरी मी पत्करली, ती एका जुन्या तक्रारीपायी. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने जुलै १८८८ मध्ये मोंमाजूरच्या टेकडीवरून ला क्रोच्या मैदानाचे जे रेखाचित्र काढले, आणि जे आज ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे, त्याची छापील प्रत मी ज्या ज्या सुविद्य गृहस्थापुढे ठेवली, त्याने बोट टेकवून हटकून एकच सवाल केला : "हा ठिपका कशाचा?"

ठिपके तेथे मोजता येणार नाहीत इतके आहेत. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावाजवळ, पडक्या मठाच्या आसऱ्याला, डासांचा आणि मिस्त्राल नावाच्या दांडग्या वाऱ्याचा जाच सोशीत, बोरू तासून घेऊन व्हॅन गॉगने ते मैदान कागदावर उतरविले. आकाश जवळजवळ कोरे सोडले आणि जमिनीवर मात्र फटकाऱ्यांची व टिंबांची अशी दाट पेरणी केली की, हे कापणीनंतरचे सड, ही उन्हाची धग, की हे नुसते अंतर, याचा निवाडा होत नाही. तो करूही नये, एवढेच माझे सांगणे.

बोरू म्हटले की मला आजोबांच्या दप्तरातले मोडी कागद आठवतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, जुन्या कागदांत शब्दही तोडलेले नसतात. म्हणून जाणता वाचणारा एकेका अक्षराशी हुज्जत न घालता ओळीच्या ओघाबरोबर चालतो आणि शेजारच्या अक्षरांच्या साक्षीने अडलेले अक्षर उलगडतो. शिवाय बोरूत शाई राहते थोडी : पहिला फटकारा काळाभोर, पुढचा फिकट, शेवटचा कोरडा, खरखरीत; आजोबांचा हात दौतीकडे कोठे वळला, हे त्या कागदावरून आजही दाखविता येते. व्हॅन गॉगच्या मैदानातही तेच. पायाशी जो ठिपका सडासारखा टोचतो, तोच चार बोटे वर सरकला की धूळ होतो आणि डोंगराच्या तळाशी केवळ अंतर.

पुन्हा सांगतो, कारण हेच नेमके निसटते : ठिपका एकटा वाचू नका. अक्षरावर बोट ठेवून बसणाऱ्याच्या हातून अख्खा महजर निसटतो!

त्या टेकडीवर भेटलेल्या एका सैनिकाला व्हॅन गॉगने विचारले होते की, हे मैदान मला समुद्राइतके सुंदर वाटते याचे तुला नवल वाटते का. समुद्र पाहिलेला तो गडी म्हणाला, नवल कसले, मला तर ते अधिकच सुंदर वाटते, कारण येथे माणसे राहतात. त्याच्यापुढे मैदान होते, चित्र नव्हते, हे कबूल. पण बोट टेकविण्याची घाई त्याने केली नाही. हे चित्र जपानी दिसत नाही, तरी आपण केलेले सर्वांत जपानी काम कदाचित हेच, असे व्हॅन गॉगने भावाला लिहिले, त्याचा उलगडा मला करावयाचा होता. परंतु काचेपलीकडचे गृहस्थ घड्याळावर बोट टेकवून उभे आहेत, तेव्हा तो पुढे कधीतरी.