पैसे गेले की जाणार?

मंठ्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

बँकेचा मेसेज आला की आपण आधी आकडा बघतो. आकडा सगळ्यांना कळतो, अडतं ते पुढच्या दोन-तीन शब्दांशी. 'हॅज बीन डेबिटेड' म्हणजे पैसे खात्यातून गेले. नुसतं 'डेबिटेड' असलं तरी गेलेच समजा. 'विल बी डेबिटेड' म्हणजे अजून जायचेत. हप्त्याच्या तारखेपर्यंत खात्यात रक्कम भरायला सवड आहे. म्हणून आमच्या गटांत आम्ही इंग्रजीतले काळ मेसेजवरूनच शिकायला घेतले. व्याकरणाच्या पुस्तकातले बाराच्या बारा प्रकार पाठ करत बसलो असतो, तर हप्ता चुकला असता!

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. चौथीतच शाळा सुटलेल्या बायांना ते भेटलंच नाही.

आता मराठीची गंमत बघा. दारातून कुणी हाक मारली की आपण आतूनच ओरडतो, 'आले, आले!' हात तर अजून पिठातच असतात. क्रियापद भूतकाळाचं आणि येणं पुढचं. तेच इंग्रजीत 'आय केम' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल बाई येऊन गेली. तिथं म्हणायचं 'आय ॲम कमिंग'. 'भूक लागली' याचंही तसंच. भूक आत्ताची असते, म्हणून 'आय ॲम हंग्री'.

काही गोष्टी मात्र इंग्रजीत सोप्या आहेत. आपण भाकरी केली, भात केला, पिठलं केलं म्हणतो. तिकडं तिन्हींना एकच 'मेड'. मी जाते, मी जातो, दोन्हींना 'आय गो'. 'ही' किंवा 'शी' आलं की तेवढं 'गोज' करायचं. यावर एका आजींनी बरोबर हेरलं: 'भाकरी केली' यात बाईनं केली की बाप्यानं, हे आपलं क्रियापदही विचारत नाही!

शेवटचं, जपून ऐका. 'युवर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे' असा मेसेज लिंकसकट आला तर घाबरू नका. 'विल' आहे, म्हणजे मेसेजच सांगतोय की खातं अजून चालू आहे. लिंक दाबू नका, ओटीपी कुणाला सांगू नका, पासबुक घेऊन शाखेत जा. आणि फसवणुकीनं पैसे 'डेबिटेड' झालेच असतील, तर उद्यावर न टाकता लगेच 1930 वर फोन लावा.