उन्हातली वाढ



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे मोंढ्यातल्या थप्प्यांवर बसून, रद्दीत आलेली पुस्तके वाचून झाले. तेव्हा पिकापाण्याचे शास्त्र आम्ही सांगावे हे धाडसच. पण नांदेड-लातूरकडच्या उन्हात काय जगते, काय वाढते, हा आमच्या रोजच्या पोटाचा प्रश्न आहे.

आपली रब्बी ज्वारी पाहा. पाऊस सरता सरता पेरायची, आणि काळ्या मातीने धरलेल्या ओलीवर तिने कणीस द्यायचे. पाण्याचा ताण पडला की ती पाने गुंडाळते, पानांवरची बारीक रंध्रे मिटून घेते, वाढ थांबवते. ओल मिळाली की पुन्हा वाढीला लागते. तूर मुळे खोल सोडते, आणि मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतला नत्र मिळवते. उसाला मात्र वर्षभर पाणी पाजावे लागते. मांजरा धरण आटून २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा आम्हांला ज्वारीच शहाणी वाटली.

ज्वारीला जे साधते ते हमालाला साधत नाही. पीक रंध्रे मिटून पाणी राखते. माणसाला घाम गाळूनच अंग थंड ठेवावे लागते, आणि घामाबरोबर मीठही जाते. वर पत्रे, पाठीवर ५० किलोचे पोते, पारा ४२ च्या पुढे. एका मोंढ्यात (गावाचे नाव घेत नाही) दुपारी तीनला आमचा एक गडी थप्पीपाशी टेकला तो आडवाच झाला. वाचला; पण पुन्हा पोते उचलू शकला नाही.

आम्ही मागणी केली, वैशाखात १२ ते ४ काम बंद. प्रथम चिडले ते आमचेच लोक. “पोत्यामागं मजुरी हाय, दादा. बसून राहिलं तर रातच्याला घरी काय न्यावं?” त्यांचे खरे होते. मजुरीचा हिशेब आम्ही केलाच नव्हता.

मग ध्यानात आले की गाठ सौद्याच्या वेळेत आहे. हरभरा-तुरीचा सौदा निघतो अकराला. मग वजन, मग शिवण, आणि माल उचलायला येतो ऐन दुपारी. सातला सौदा निघाला तर बरेचसे काम उन्हाआधी उरकते, मजुरीही बुडत नाही. शेतकऱ्यालाही गाडीपाशी ताटकळावे लागत नाही. अडते म्हणाले, बाहेरगावचे भाव कळल्याशिवाय सौदा कसा काढावा? भाव तर आता त्यांच्या खिशातल्या फोनवर येतात! आणि १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या योजनेत मजुरीप्रमाणे कामाचे तासही ठरवता येतात. म्हणजे आम्ही भीक मागत नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात दोन मोंढ्यांत सौदे आठला निघाले. यंदा ते पुन्हा अकरावर गेले आहेत. येत्या सोमवारी आम्ही बाजार समितीकडे जाणार आहोत. या सभेत शेतकरी मंडळी पुष्कळ दिसतात. त्यांतले चारजण बरोबर आले तर आमचे काम हलके होईल.