सळईवरील लेप आणि काँक्रीटची पकड

(ग्रामीण बांधकामांविषयीच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर, अभियंता नव्हे. तरीही आज सळईविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. त्याला कारण एका किनारी गावातील प्रसंग. शाळेच्या नव्या खोलीसाठी सळया आल्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने त्या गंजू नयेत, या सद्हेतूने गावकऱ्यांनी त्यांना तैलरंग फासण्यास आरंभ केला. अभियंत्यांनी काम थांबवून रंग खरवडून काढावयास लावला, तेव्हा पुष्कळांना वाईट वाटले. त्यांचे काय चुकले होते?

काँक्रीट दाब सोसते. ताण मात्र सळई सोसते. हा ताण सळईपर्यंत पोहोचतो तो दोहोंमधील पकडीमुळे. ही पकड तीन गोष्टींनी सिद्ध होते : सिमेंटचे चिकटणे, पृष्ठभागाचे घर्षण आणि सळईवरील उंचवट्यांचे काँक्रीटमध्ये अडकणे. गुळगुळीत लेपामुळे पहिली गोष्ट जवळजवळ नाहीशी होते, दुसरी घटते. आधार उरतो तो मुख्यतः तिसरीचा. म्हणूनच भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सळयांवर रंग, तेल, चिखल वा सुटा गंज नसावा, असे सांगितले आहे.

मग लेप सर्वथा वर्ज्य आहे काय? तसे नाही. कारखान्यात सळई तापवून तिच्यावर इपॉक्सीच्या भुकटीचा पातळ लेप बसवितात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका पुलात १९७३ साली तो प्रथम वापरला गेला. आपल्याकडे त्यासाठी १९९३ मध्ये भारतीय मानक १३६२० निघाले. परंतु अशा कामात पकडीतील घट आधीच हिशेबात धरतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या संहितेप्रमाणे काँक्रीटमध्ये रोवावयाची सळईची लांबी परिस्थितीनुसार १.२ ते १.५ पट वाढवावी लागते. शिवाय लेप म्हणजे सर्वस्व नव्हे. फ्लोरिडा कीज येथील समुद्रावरील पुलांत लेपित सळयाही गंजल्याचे १९८६ मध्ये आढळून आले.

सळईचे पहिले कवच म्हणजे चांगले काँक्रीटच होय. सिमेंटच्या अल्कधर्मामुळे लोखंडावर संरक्षक पापुद्रा तयार होतो. पुरेसे कव्हर, घट्ट काँक्रीट आणि नियमित पाणी मारणे यांनी तो टिकून राहतो.

पंचायत सदस्यहो, आपल्या गावी काम सुरू होईल तेव्हा एवढेच विचारा : सळया स्वच्छ आहेत काय? कव्हर नकाशाप्रमाणे आहे काय? लेपित सळया असल्यास जोडाची लांबी वाढविली आहे काय? त्या छताखाली आपलीच मुले बसणार आहेत.

जय हिंद! जय महाराष्ट्र!