कर्जाचे ओझे आणि प्रश्नपत्रिकेचा कागद
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेच्या पश्चिम प्रांतातील शाळांना सत्र परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पूर आला नव्हता की दंगल उसळली नव्हती. प्रश्नपत्रिका छापण्यास कागद नव्हता आणि तो आयात करण्यास देशापाशी डॉलर नव्हते. साक्षरतेसाठी दक्षिण आशियात नावाजलेल्या देशाची ही अवस्था. जागतिक मंदी व कर्जभार वर्गाच्या दारापर्यंत कसे येऊन पोहोचतात, हे या एका घटनेवरून उमगते.

कर्ज काढणे हा मुळात दोष नव्हे. शेतकरी बियाण्यांसाठी कर्ज घेतो, पालक मुलांच्या उच्च शिक्षणासाठी घेतात. त्या पैशातून परतफेडीचे बळ निर्माण होते का, हा खरा प्रश्न. श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय रोखेबाजारातून चढ्या व्याजाने डॉलरमध्ये कर्जे उचलली. पण डॉलर मिळवून देणारी निर्यात त्या प्रमाणात वाढली नाही. २०१९ च्या अखेरीस करांत मोठी कपात झाली आणि तिजोरी आटली. २०२० मध्ये महासाथीने साऱ्या जगाची अर्थव्यवस्था आक्रसली, पर्यटन थांबले. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी आली आणि भाताचे पीक घटले. पाठोपाठ युक्रेन युद्धाने इंधन महागले. स्वतःचा रुपया छापता येतो, डॉलर छापता येत नाही. अखेर १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. स्वातंत्र्यानंतर असे प्रथमच घडले. त्या सप्टेंबरात महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात गेला.

कर्जाच्या कागदांवर सह्या करणारे हात वेगळे होते आणि इंधनाच्या रांगेत तिष्ठणारे वेगळे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे घरोघरी सांगितले जाते. राष्ट्राच्या बाबतीत मात्र पाय पसरणारी पिढी एक असते आणि थंडीत कुडकुडणारी दुसरी.

त्या वर्षी भारताने श्रीलंकेला सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य केले. पुढे तेथील पाठ्यपुस्तकांच्या छपाईसाठी लागणाऱ्या कागदाचा मोठा भाग याच साहाय्यातून आला. शेजारधर्माचे हे उदाहरण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगे आहे.

श्रीलंका एकटी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार सुमारे ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात, जेथे शिक्षणावर किंवा आरोग्यावर होणाऱ्या खर्चापेक्षा व्याजावरील खर्च अधिक आहे.

चक्रवाढ व्याजाचे गणित शाळेत शिकवले जाते. उत्तर जुळले की वही मिटते. घरी अर्थसंकल्पाची बातमी वाचताना पालकांनी त्याच गणिताला आणखी एक प्रश्न जोडावा: हे कर्ज कशासाठी काढले आणि ते फेडणार कोण? उत्तर शोधण्याची सवय मुलांना आजच लागली पाहिजे, कारण फेडणाऱ्यांच्या यादीत त्यांचीच नावे आहेत.